साहेब, ते गाव तुमचंच होतं ना?

साहेब, तुमची भाची आली. तुम्हाला भाची आहे हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. एवढी वर्षं तुमची गाडी चालवली, डॉक्टरनं सांगितल्यावर तुमच्या जेवणातलं मीठ कमी केलं, दाढ काढायला धरून नेलं, पण भाचीचं नाव तुमच्या तोंडून एकदाही निघालं नाही. म्हणून विमानतळावर ती समोर आली तेव्हा मी आधी तिचं नाक पाहिलं. नाक तुमचंच आहे. तरी वाटभर आरशातून तिच्यावर नजर ठेवून होतो. आजवर एक फोन नाही आणि आता अचानक हजर. काय न्यायला आली असेल, म्हटलं.

तुम्हालाच न्यायला आली आहे. फक्त कुठे न्यायचं ते तिला ठाऊक नाही.

तुम्ही हॉस्पिटलच्या त्या थंड खोलीत आहात आणि इकडे तुमच्यावरून बोलणी चालली आहेत. अर्बाब, म्हणजे आपले ओमानी मालक, म्हणतात, आयुष्याचा मोठा भाग ओमानमध्ये काढला, इथल्याच ख्रिस्ती कब्रस्तानात ठेवू, सगळं मी बघतो. भाची, हेलन तिचं नाव, म्हणते तुमचे आईवडील इंग्लंडात शहरातल्या ज्या कब्रस्तानात आहेत तिथे न्यावं. आणि मग दोघंही बोलता बोलता थांबतात, कारण दोघांनाही तुमचं ते गाव आठवतं. हॅझलकम. लिहिताना शेवटी अक्षरं जास्त, बोलताना ती गायब. नाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासूनच मला ते गाव सरळ वाटलं नव्हतं. पण मस्कतमध्ये तुमच्याशी चहापुरतं बोललेल्या माणसालाही ते नाव पाठ आहे.

तुम्ही काही लिहून ठेवलेलं नाही. म्हणून मला अर्बाबच्या ऑफिसात बोलावलं. तिथले अकाउंटंट जोगळेकर, पुण्याचे, ते मध्ये बसले. बाईंचं इंग्रजी मला आणि माझं मराठी बाईंना सांगायला.

"मुश्ताक, बाई विचारतायत, साहेब तुझ्याशी कधी बोलले होते का? म्हणजे कुठे पुरायचं वगैरे?"

"पुरायचं म्हणू नका हो, जोगळेकर."

"मग काय म्हणू? बरं, दफन. दफन कुठे?"

"विचार करून सांगतो."

"यात विचार कसला करायचाय? बोलले असतील तर हो, नसतील तर नाही."

त्यांना काय सांगू, साहेब? त्या गावाबद्दल तुम्ही माझ्याशी जेवढं बोललात तेवढं मी माझ्या बायकोशी माझ्या गावाबद्दल बोललो नसेन. पण त्यातलं किती खरं धरायचं हा प्रश्न मला पहिल्यापासून आहे. आता तुम्ही नाही, तर तो तुमच्यापुढेच मांडतो. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते सही करायला आणि घरी खुशाली कळवायला. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

अर्बाबनी मला तुमच्याकडे लावलं ते ब्याण्णव-त्र्याण्णवचं साल. तुम्ही मस्कतमधल्या वादी अदाईला राहायचात. सरकारी पाण्याच्या खात्यातून मोकळे झाला होतात आणि अर्बाबच्या इब्र्याकडच्या खजुराच्या बागा, तिथल्या विहिरी आणि डोंगरातून पाणी आणणारा तो जुना पाट, फलज म्हणतात तो, एवढं बघायचं काम तुमच्याकडे होतं. पहिल्याच दिवशी तुमच्या भिंतीवर मोठा नकाशा दिसला. हातानं काढलेला. त्यात समुद्र नाही, वाळवंट नाही, ओमानमधलं एकही नाव नाही, आणि सगळ्याभोवती तांबडी रेघ. मी कप उचलता उचलता पाहून घेतलं आणि रूमवर जाऊन दाऊदचाचांना सांगितलं. चाचा श्रीवर्धनकडचे, आमच्या रूममधले सगळ्यांत जुने.

"नकाशे काढनारा गोरा," चाचा म्हणाले, "आनी तोही एकटा राहनारा. मुश्ताक, तुला कळत नाय काय?"

"काय कळायचं?"

"मी काय बोललो नाय. उद्या कोन विचारायला आला तर तू फक्त गाडी चालवतोस. ऐकलं नाय, बघितलं नाय. बताका सांभाळ आपला."

बताका म्हणजे आमचं इथलं ओळखपत्र. ते गेलं की माणूस विमानात. घरी आईची दवा, बहिणीचं लग्न, अर्धवट भिंती. तेव्हापासून मी तुमच्यावर लक्ष ठेवून होतो. तुम्हाला वाटायचं, हा किती मन लावून ऐकतो.

इब्र्याचा रस्ता लागला की तुमचं गाव सुरू व्हायचं. हिंदी, अरबी, इंग्रजी, सगळं एकाच वाक्यात. "मुश्ताक, हमारा चर्च का टॉवर देखेगा तो तुम बोलेगा, ये टेढ़ा है." टेढाच होता म्हणे. बांधताना एका बाजूची माती खचली, मग पुढच्या गवंड्यांनी वरचा भाग उलट बाजूला झुकवून तोल सांभाळला. चर्चपेक्षाही जुनं एक झाड, आतून पोकळ, पावसात मेंढ्यावाला त्यात बसायचा. टॉवरमध्ये तीन घंटा आणि मधली चिरलेली. कुठलासा राजा गादीवर बसला त्या दिवशी पोरांनी दारू पिऊन ती बडवली होती. गावानं ती बदलली नाही. का, तर त्या फुटक्या आवाजावरून शेजारच्या गावाला कळायचं की ही यांची घंटा. चोराचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. मोकाट गुरांचा कोंडवाडा. कोंडवाडा ऐकल्यावर मी रस्ता सोडून तुमच्याकडे बघितलं होतं. मला वाटायचं कोंडवाडा आमच्यासारख्या गावांनाच असतो. आणि सगळ्या गावाची ती गुरचरण, जिला मोठ्या घरच्या मालकानं एका वर्षी कुंपण घातलं, आणि बायकांनी ते दिवसाढवळ्या उपटून त्याच्याच दारात पेटवून दिलं. हे सांगताना तुम्ही इतके खूश व्हायचात की जणू काडी तुम्हीच ओढली.

ऐकायला गोड. पण मी कोकणातला. आमच्याकडे वाटेत अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न, कोणाचा रे तू? नाव नंतर. कोणाचा ते कळलं की घर कळतं, मोहल्ला कळतो, त्याचं भांडण कुणाशी आहे तेही कळतं. तुमच्या गावातला कोण कोणाचा ते मला पाठ झालं होतं. चर्चमधली बाकडी घराण्यांना वाटून दिलेली होती हेही. पहिलं मोठ्या घरचं, मग गिरणीवाल्यांचं, मग लोहारांचं. एकदा मी विचारलं, "साहेब, आपका बाकडा कौन सा?"

तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. "मैं पीछे खड़ा रहता था."

"क्यों? बाकडा नहीं था?"

"यल्ला, सामने देखो. ट्रक आता है."

ट्रक नव्हता, साहेब. डोंगरापर्यंत रस्ता मोकळा होता.

मग घराचं. एकदा म्हणालात गिरणीशेजारी. पुढे कधीतरी म्हणालात लोहाराच्या मागे. मी आठवण करून दिली तर म्हणालात, ते घर आता नाही. वडलांचं नाव त्या गावाच्या गोष्टीत कधी आलंच नाही. आणि सुट्टी! मला घरी जायची सुट्टी मिळाली की महिनाभर आधी माझी बॅग भरलेली असायची. तुम्ही सुट्टीत केरळला गेलात, झांझिबारला गेलात. हॅझलकमला एकदाही नाही. का, तर तिथे उन्हाळ्यात मच्छर फार. मी जोगळेकरांना विचारलं, इंग्लंडात मच्छर असतात का हो? ते म्हणाले, "असतील बाबा. मला कोण पाठवतंय बघायला?"

मी मनात पक्कं केलं की काहीतरी आहे. एक तर ते गाव नाही, नाहीतर तिथे तुमच्या नावावर काहीतरी आहे.

पुढे तुम्ही वादी अदाई सोडून डोंगरामागे अल अमेरातला गेलात. तेव्हा तिथे घरं कमी आणि दगड जास्त. त्या पहिल्या मे महिन्यात तुम्ही मला उजाडता उजाडता बोलावलंत. हातात खजुराच्या फांदीची सोललेली काठी. गाडीला हात लावू दिला नाहीत. पाण्याच्या टाकीपासून वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या कडेनं, मशिदीच्या मागून, विजेच्या शेवटच्या खांबापर्यंत आपण चालत गेलो. वाटेत मोठा दगड आला की तुम्ही थांबून त्याच्यावर काठीचे फटके मारायचात आणि पुढे. मी मागे, जमेल तेवढं अंतर ठेवून. लोक गच्चीवरून बघत होते. एका बाईनं पोरांना आत घेऊन दार लावलं.

पोलिसांची गाडी येणार हे सांगायला चाचांची गरज नव्हती. आली.

पोलीस तरुण होता. त्यानं आधी माझा बताका मागितला, तुमचा नाही. "हा म्हातारा काय मोजतोय?" अरबीत विचारलं.

"मला माहीत नाही. मी फक्त गाडी चालवतो."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "गाडी कुठाय?"

तेवढ्यात तुम्ही पुढे झालात आणि तुमच्या त्या सावकाश अरबीत त्याला सांगायला लागलात. तुमच्या गावात मे महिन्यात एका सणाच्या आधी सगळं गाव आपल्या शिवेवरून चालतं. हातात काठ्या. शिवेचा दगड आला की त्याला झोडपायचं. आणि प्रत्येक दगडापाशी गावातल्या एखाद्या पोराला हातपाय धरून उचलायचं आणि दगडावर आपटायचं. मरेपर्यंत त्याच्या लक्षात राहावं की आपली शीव इथे आहे. नकाशे नव्हते तेव्हाची पद्धत. शेजारच्या गावानं तंटा काढला की आपटलेला माणूस म्हातारपणी उभा राहून साक्ष द्यायचा.

"मलाही आपटलं होतं," तुम्ही म्हणालात आणि कपाळाला हात लावलात. एखाद्याला पदक मिळाल्यासारखा चेहरा होता तुमचा.

पोलीस हसला. "आणि इथे ही कुणाची हद्द आहे?"

"अजून कुणाचीच नाही. कुणी चाललंच नाही."

त्यानं तुम्हाला पाण्याची बाटली दिली, मला बताका परत दिला आणि सांगितलं, याला उन्हात फिरवू नकोस. जसं काही मीच फिरवत होतो.

तुम्ही खुशीत घरी आलात. मी मात्र विचारात. हातपाय धरून झोळी करून आपटतात म्हणता, मग लागायला पाहिजे मागच्या बाजूला. कपाळाला कसं लागेल? पोलिसाच्या हे लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

दर मे महिन्यात तुम्ही चाललात. घरं वाढली तशी आपली फेरी लांबत गेली. आणि मग तुम्हाला माझ्या गावाची शीव हवीशी वाटली. "मुश्ताक, छुट्टी में चल के आओ. सब पत्थर का नाम पूछ के आओ." मी घरी गेल्यावर बाबांना सांगितलं. तेव्हा आमच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊन जमिनी बघून जायच्या.

"गोऱ्याला आपली शीव कशाला पायजे?" बाबा खाटेवर उठून बसले.

"नुसतं ऐकायला."

"नुसतं ऐकायला कोन विचारतो काय? येक काम कर. डोंगराकडची बाजू सांग. समुद्राकडची सांगू नको."

तरी बाबाच माझ्याबरोबर चालले. कुठला दगड, कुठला आंबा, कुठल्या वहाळापासून पलीकडचं गाव, हे मी त्या दिवसापर्यंत कधी बघितलंच नव्हतं. त्या वाटेवर बाबा माझ्याशी जेवढं बोलले तेवढं आधी कधी बोलले नव्हते, आणि पुढच्या सुट्टीला मी गेलो तेव्हा ते नव्हते. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. शुक्रिया म्हटलं की तुम्ही विषय बदलायचात, म्हणून राहून गेलं. परत येऊन मी तुम्हाला डोंगराकडची बाजू तेवढी सांगितली. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. शेवटी म्हणालात, "मुश्ताक, तुम्हारा गाँव का एक साइड समुंदर में गिर गया क्या?"

म्हणजे तुम्हीही माझ्यावर नजर ठेवूनच होतात.

अर्बाबनी ड्रायव्हर कमी करायचं ठरवलं तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत, मुश्ताक गेला तर मी विहिरीत उतरणार नाही. त्या वयात तुम्ही विहिरीत उतरूच नये असं सगळ्यांना वाटत होतं, पण धमकी चालली. मी राहिलो. माझ्या मुली शिकल्या त्या त्या धमकीवर. रूमवर आल्यावर चाचा म्हणाले, "येवढं कशासाठी करतो तो तुझ्यासाठी?" मलाही तेच वाटत होतं. कुणी फुकट चांगलं वागलं की मला झोप लागत नाही, साहेब. हा माझा स्वभाव.

आणि बशीरचं. आमच्याच किनाऱ्यावरचा, वादी अदाईत गवंडीकाम करायचा, कामावरच गेला. घरचे म्हणत होते गावी पाठवा, आणि इथे त्याची कागदपत्रं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. मी तुमच्यापुढे नुसतं बोललो. तुम्ही त्या ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसलात. चहा आणला तर नको. उद्या या म्हणाले तर मान हलवलीत आणि बसून राहिलात. काही बोलला नाहीत, ओरडला नाहीत. म्हातारा गोरा समोर बसलाय म्हटल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. संध्याकाळी सह्या झाल्या.

परतताना गाडीत मी म्हटलं, माणसानं आपल्या गावच्या मातीत जावं. तुम्ही विचारलंत, गाव देतं का जागा? मी म्हटलं, आमची जमात, म्हणजे मोहल्ल्याची पंचमंडळी, देते. गावच्या माणसाला कधी नाही म्हणत नाही.

"और जो उधर पैदा नहीं हुआ?"

"उसको पूछेगा, किसका है."

"और वो बोलेगा, किसी का नहीं, लेकिन मैं इधर रहा हूँ. मुझे सब पत्थर मालूम है."

"फिर जमात बैठेगा," मी म्हटलं. "फिर मुश्किल है."

तुम्ही वैतागलात. माझ्यावर कधी न चिडणारे तुम्ही एकदम म्हणालात, "तुम्हारा जमात गधा है." मलाही राग आला. मी म्हटलं, आमच्या जमातीला नावं ठेवायला तुम्ही कोण? तो वाद तिथेच राहिला. तुम्ही जाताना पुरा केला नाहीत आणि मीही काढला नाही.

इथवर लिहिल्यावर मी जोगळेकरांकडे गेलो. म्हटलं, बाईंना सांगा, साहेब मला असं कधीच म्हणाले नाहीत की मला त्या गावी न्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं की गाव जागा देतं का. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नीट सांगा.

जोगळेकरांनी नीट सांगितलं असावं. हेलनबाई त्यांना काहीतरी बोलल्या, आणि जोगळेकर माझ्याकडे वळले.

"मुश्ताक, बाई म्हणतायत की साहेब त्या गावचे नव्हतेच."

इतकी वर्षं संशय घेतला, आणि तो खरा निघाल्यावर मीच म्हटलं, पुन्हा नीट विचारा.

तुम्ही शहरातले. धुराड्यांच्या वस्तीतले, वडील कारखान्यात. पंचविशीच्या आत तुम्हाला पाण्याच्या कंपनीनं त्या गावात नळ टाकायला पाठवलं. काही वर्षं एका विधवेच्या घरी भाड्यानं राहिलात, आधी गिरणीशेजारी, मग लोहाराच्या मागे. गावाला वाटायचं तुम्ही त्यांचं झऱ्याचं पाणी शहरात पळवायला आलात. तुम्ही दारूच्या गुत्त्यात शिरलात की बोलणं थांबायचं. काम संपलं, तुम्ही निघालात, पुढे बाहेरदेशी. घरच्यांना कायम वाटत आलं की तिथे एखादी मुलगी असणार. "नाहीतर माणूस आयुष्यभर परक्या गावाचा इतिहास कशाला सांगेल?" असं बाई म्हणाल्या.

त्यांनी तिथल्या पाद्रींना आधीच फोन केला होता. कब्रस्तान लहान आहे, गावच्या माणसांसाठी आहे, यांचा संबंध काय? नळ टाकला, हा संबंध पुरेसा नव्हता. कमिटी बसेल, म्हणाले. मी जोगळेकरांना म्हटलं, ही तर आमची जमात.

मग मी ते आपटण्याचं सांगितलं.

"म्हणजे? मुद्दाम डोकं आपटतात?" जोगळेकर.

"मुद्दाम. लक्षात राहावं म्हणून."

"आमच्या शाळेत ते शिवेशिवाय व्हायचं."

मी म्हटलं, साहेबांना आपटलं असेल तर ते त्या गावचे झाले. नसेल तर नाही. बाईंना म्हणावं, त्या दिवशी शिवेवर चाललेलं कुणी जिवंत असेल तर विचारा. आणि खरं सांगतो साहेब, मला वाटलं कुणी नसेल. आणि असलंच तर म्हणेल, छे, त्याला कोण आपटतंय. मला तुमचं ते कपाळ आठवत होतं.

आज दुपारी पाद्रींचा फोन आला. हेलनबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. जोगळेकर एकेक वाक्य मला सांगत गेले.

गावात एक म्हातारी आहे. तेव्हा तरुण होती. तिला तो नळवाला आठवतो. ती म्हणाली, त्याला कुणी आपटलं नव्हतं. परक्याला आपटत नसत. तो सकाळपासून सगळ्यांच्या मागे चालत होता, प्रत्येक दगडापाशी थांबत होता, आणि पोरांना उचलायचे तेव्हा पुढे सरकून उभा राहायचा. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

"मग?" मी म्हटलं.

"थांब रे, ऐकू दे." जोगळेकर फोनवर वाकले. "शेवटच्या दगडापाशी सगळे खायला-प्यायला निघून गेले. तो मागे राहिला. त्यानं इकडेतिकडे बघितलं, गुडघे टेकले, आणि आपलं आपणच कपाळ दगडावर आपटलं. पहिल्यांदा हळू बसलं म्हणून पुन्हा आपटलं."

हेलनबाई तोंडावर हात धरून बसल्या होत्या.

म्हातारीनं पाद्रींना सांगितलं की कमिटी बसवायची गरज नाही. आमच्या घरच्यांच्या ओळीत भिंतीकडची एक जागा आहे, ती माझ्या हातातली आहे. तिथे आणा त्याला.

आता मला सांगा साहेब, सगळं गाव पुढे निघून गेल्यावर ती तिथे मागे कशाला राहिली होती? आणि कुणी उगाच कुणाला घरच्यांच्या ओळीत जागा देतं का? मी जोगळेकरांना म्हटलं, विचारा. ते म्हणाले, "मुश्ताक, काही गोष्टी विचारायच्या नसतात." मी हेलनबाईंकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही मनात तेच होतं. पण आम्ही दोघांनी विचारलं नाही. तुमच्यावरचा हा एक संशय मी तसाच ठेवणार आहे.

उद्या तुम्ही जाताय. अर्बाब येतील, जोगळेकर येतील. चाचांचे गुडघे गेलेत, तरी तेही येतो म्हणतात. पेटी आम्हीच उचलणार, कार्गोवाल्यांना हात लावू देणार नाही.

मला राग आलाय साहेब, तो मात्र तुम्ही आज ऐकून घ्या. तुमचं सगळं खोटं मी पकडत आलो. बाकडं पकडलं, घर पकडलं, मच्छर पकडले, ट्रक पकडला. पण हे असलं काही असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं तुम्ही काहीतरी लपवताय म्हणजे त्यात तुमचा फायदा असणार. कुणी आपल्याला उचललं नाही, एवढीच गोष्ट माणूस सबंध जन्म लपवून ठेवतो, हे मला कुठून सुचायचं?

एकदा खरं काय ते सांगायचं होतंत. त्या मे महिन्यात विजेच्या खांबाजवळच्या दगडापाशी मी चाचांना बोलावून घेतलं असतं. त्यांनी पाय धरले असते, मी खांदे. पोलीस आला असता तर त्यालाही हात लावायला लावला असता. तुमच्या वयाकडे बघून हळू आपटलं असतं, साहेब. पण आपटलं असतं.